तासाला किती पडतात?

आज आपण उक्त्या कामाच्या मजुरीबद्दल बोलणार आहोत. शेतात कापणी उक्ती घेतात, तसंच गटाकडे पिशव्या शिवायचं, पापड लाटायचं, पाकिटं चिकटवायचं काम येतं. व्यापारी म्हणतो, "नगाला तीन रुपये." गटात लगेच बोलणं सुरू होतं, तीन रुपये बरे की कमी? कुणी म्हणते शेजारच्या गावाला अडीच मिळतात, आपल्याला तीन मिळतात, घेऊन टाकू. कुणी म्हणते चार तरी मागा. पण नुसत्या तीन रुपयांवरून यातलं काहीच ठरत नाही. पिशवी पाच मिनिटांत होत असेल तर तीन रुपयांचा अर्थ एक आणि दहा मिनिटांत होत असेल तर दुसरा. म्हणून कुठलंही उक्तं काम हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा: तासाला किती पडतात? तासाला नग किती पडतात, आणि तासाला रुपये किती पडतात?

हिशेब अवघड नाही. त्यात फसायची जागा एकच आहे, ती आधी पाहू.

आपले रुपये-पैसे शंभराच्या हिशेबात चालतात. शंभर पैशांचा एक रुपया. घड्याळ मात्र साठाच्या हिशेबात चालतं. जुन्या काळीही वेळ साठानेच मोजत. साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचा दिवस-रात्र मिळून एक दिवस. लग्नाच्या मुहूर्ताला पाण्यात घटिकापात्र ठेवायचे ते हेच. एक घटिका म्हणजे आपली चोवीस मिनिटं, म्हणून अडीच घटिकांचा एक तास होतो. साठाची ही रीत कॅल्क्युलेटरला माहीत नसते. त्याच्यात आपण ३.४५ असं दाबलं तर त्याला ते तीन तास पंचेचाळीस मिनिटं वाटत नाहीत. त्याच्या दृष्टीने ते होतात तीन तास सत्तावीस मिनिटं.

यावर उपाय आपल्या भाषेतच आहे. आपल्या आज्या पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायच्या. आपणही रोज सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच म्हणतो, वेळेलाही आणि पैशालाही. तीन तास पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पावणेचार तास. पावणेचार रुपये कसे लिहिता? ३.७५. मग पावणेचार तासही ३.७५ असेच लिहायचे. सव्वा तास १.२५, दीड तास १.५०, पावणेदोन तास १.७५. मधल्या मिनिटांसाठी एवढं लक्षात ठेवा: सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. सहा मिनिटं ०.१, बारा मिनिटं ०.२, अठरा मिनिटं ०.३. वीस मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. आणि काहीच आठवलं नाही तर मिनिटांना साठाने भागा, की तास मिळतात. तासांना साठाने गुणा, की मिनिटं मिळतात.

आता एक उदाहरण घेऊ. वही जवळ असेल तर लिहून घ्या.

एका ताईने घरच्या पायाच्या मशीनवर दिवसभरात ४५ कापडी पिशव्या शिवल्या. सलग बसायला कुणाला मिळतं? सकाळी ती ५० मिनिटं बसली, मग स्वयंपाक. नंतर १ तास २५ मिनिटं, मग पाणी आलं म्हणून उठली. दुपारी ४० मिनिटं, संध्याकाळी ५० मिनिटं. एकूण किती वेळ झाला?

कॅल्क्युलेटरवर ०.५०, १.२५, ०.४०, ०.५० अशी बेरीज केली तर तो २.६५ सांगतो. बाईचं एका तासाहून जास्त काम तिथेच गायब झालं. म्हणून आधी सगळ्याची मिनिटं करायची. ५०, मग ८५, मग ४०, मग ५०. बेरीज २२५ मिनिटं. साठाने भागलं की ३.७५, म्हणजे पावणेचार तास.

आता नगांचा हिशेब दोन बाजूंनी करता येतो. २२५ मिनिटांना ४५ ने भागलं तर एका पिशवीला ५ मिनिटं लागली. किंवा ४५ पिशव्यांना ३.७५ ने भागलं तर तासाला १२ पिशव्या झाल्या. दोन्ही उत्तरं एकमेकींशी जुळली पाहिजेत. पाच मिनिटांची एक, म्हणजे साठ मिनिटांत बारा. जुळली, म्हणजे हिशेब बरोबर. तिने ४५ ला ३.४५ ने भागलं असतं तर तासाला १३ आल्या असत्या. एका पिशवीचा तर फरक, असं वाटेल. पण आठ तासांच्या हिशेबाने तेरा दराने १०४ पिशव्यांचा शब्द दिला जातो आणि होतात ९६. दहा दिवसांत ८० पिशव्या कमी भरतात, आणि मग रात्री जागून त्या पुऱ्या कराव्या लागतात.

आता पैशाकडे येऊ. तासाला १२ पिशव्या, नगाला ३ रुपये, म्हणजे तासाला ३६ रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण पिशवी नुसती शिवून होते का? कापड बेतून कापायला त्या ताईला आणखी ४५ मिनिटं लागली. दोरे कातरणं, पिशव्या उलटवणं, मोजून गठ्ठे बांधणं यात अर्धा तास गेला. २२५ अधिक ४५ अधिक ३०, एकूण ३०० मिनिटं. म्हणजे ५ तास. ४५ पिशव्यांचे १३५ रुपये झाले, त्यातून दोऱ्याचे १० रुपये गेले, राहिले १२५. पाच तासांनी भागलं तर तासाला २५ रुपये पडले. आठ तासांचा दिवस धरला तर २०० रुपये. मोटरचं मशीन असेल तर विजेचे पैसेही यातूनच जातात. आता तुमच्या गावात निंदणीला, खुरपणीला बाईला दिवसाचे किती मिळतात ते याच्या शेजारी लिहा. मग तीन रुपये बरे की कमी, हे वही सांगेल.

व्यापारी शिवणाची पाच मिनिटं मोजतो. कापणं, कातरणं, मोजणं ही मिनिटं कुणीच मोजत नाही, आणि बहुतेक वेळा ती आपणही मोजत नाही. "ते काय, येताजाता होतं," असं म्हणतो. येताजाता झालेलं कामही कामच आहे.

बायकांच्या कामाचा असा तासावर हिशेब मांडायला आज आपणच बसलोय असं नाही. शंभर वर्षांपूर्वी चरख्यावर सूत कातणाऱ्या बायकांच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि त्या गोष्टीचा एक धागा पुण्याच्या येरवड्यात आहे.

येरवडा म्हटलं की तुरुंग आठवतो. गांधीजी १९२२ ते १९२४, मग १९३० ते १९३१, आणि पुन्हा १९३२ ते १९३३ या काळात येरवड्याच्या तुरुंगात होते. तिथे ते नेमाने सूत कातत आणि किती कातलं त्याचे आकडे पत्रांतून आश्रमाला कळवत. पेटीत मिटणारा, हातात धरून नेता येणारा जो चरखा आपण चित्रात पाहतो, त्याला येरवडा चक्र म्हणतात, ते या तुरुंगामुळेच. त्यात एक मोठं चाक लहान चाकाला फिरवतं आणि लहान चाक चातीला फिरवतं. त्यामुळे हाताने एक फेरा दिला की चाती कितीतरी फेरे घेते. चरख्याची सगळी सुधारणा या एका गोष्टीभोवती चालली होती: त्याच हाताने, त्याच तासात सूत जास्त कसं निघेल?

त्या काळातले तीन आकडे सांगते. आपण आत्ता शिकलो त्या रीतीने ते उलगडून पाहू.

पहिला आकडा १९२४ चा. त्या वर्षी काँग्रेसने रोज अर्धा तास कातावं आणि महिन्याला २,००० वार सूत द्यावं असं ठरवलं. डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झालं, तिथे सभासदत्वासाठीच महिन्याला २,००० वार सुताची अट घातली गेली. आता हिशेब करा. रोज ३० मिनिटं, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ९०० मिनिटं. साठाने भागलं की १५ तास. २,००० ला १५ ने भागलं तर तासाला सुमारे १३३ वार. ही झाली साध्या चरख्यावर, बेताच्या सवयीच्या माणसाकडून धरलेली गती.

दुसरा आकडा १९२९ चा. चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी अशा होत्या की चरखा हलका असावा, खेड्यातल्या झोपडीत चालावा, त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकावा, आणि आठ तासांत १६,००० फूट सूत निघावं. १६,००० भागिले ८, म्हणजे तासाला २,००० फूट. तीन फुटांचा एक वार, म्हणून तासाला सुमारे ६६७ वार. बेळगावच्या १३३ शी ताडून पाहा, बरोबर पाचपट! मिनिटाला अकरा वारांहून थोडं जास्त. सगळ्या अटी पुऱ्या करणारा चरखा कुणालाच करता आला नाही आणि बक्षीस तसंच राहिलं.

त्या अटींत आणखी एक होती, ती आपल्या कामाची आहे. बाईला तो चरखा आठ तास चालवता आला पाहिजे, आणि तोही फार दमणूक न होता. पाच मिनिटं जोरात चालवून दाखवलेली गती त्यांना नको होती. गटानेही हे ध्यानात ठेवावं. सकाळच्या पहिल्या तासात १२ पिशव्या होतात म्हणून आठव्या तासातही १२ होतील असं नाही. पाठ अवघडते, डोळे थकतात, धागा तुटतो. म्हणून मोजायचं तर एक नग मोजू नये, एक तासही मोजू नये. दोन-तीन दिवसांचं काम मोजून मग दर काढावा.

तिसरा आकडा मजुरीचा. तोवर कातणारणीला सुताच्या गुंडीवर पैसे मिळत. गुंडी केवढ्या वेळात झाली हे कुणी विचारत नसे. दिवसभर कातूनही पोट भरेल एवढं हातात पडत नसे. १९३५ मध्ये गांधीजींनी हा प्रश्न लावून धरला. आठ तासांच्या चांगल्या कामाला आठ आणे, म्हणजे तासाला एक आणा, हे त्यांनी ध्येय म्हणून पुढे ठेवलं. त्याच वर्षी वर्ध्याला चरखा संघाने ठराव केला की आठ तास नीट काम करणाऱ्याला अन्नवस्त्रापुरती तरी मजुरी मिळाली पाहिजे. त्याने खादी महागेल, खपणार नाही, ही भीती तेव्हाही बोलून दाखवली गेली. "आम्ही दर वाढवून मागितला तर ऑर्डर जाईल," हे आपण आज म्हणतो ना, तीच ती भीती. तरी ठराव झाला. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी तर स्वतः सूत कातून त्याच्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग केला. दर ठरवणाऱ्याने त्या दरात एकदा जगून पाहावं, याहून चांगली परीक्षा नाही.

वेळ वस्तूत कशी जाऊन बसते हे पाहायचं असेल तर येरवड्याचीच आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. त्यांना शेवटी नेसवलेली साडी गांधीजींनी कातलेल्या सुताची होती. आज तिथे त्यांची समाधी आहे. एका साडीला सूत किती लागतं? साधी पाच मीटर लांब, ११० सेंटीमीटर पन्ह्याची साडी धरू, आणि सेंटीमीटरला १६ धागे. उभे धागे ११० गुणिले १६, म्हणजे १,७६०, प्रत्येक पाच मीटरचा. झाले ८,८०० मीटर. आडवे धागेही तेवढेच, ८,८०० मीटर. एकूण १७,६०० मीटर, म्हणजे साडेसतरा किलोमीटर सूत. बेळगावच्या गतीने, म्हणजे तासाला सुमारे १२२ मीटर कातलं, तर १४४ तास लागतात. रोज अर्धा तास बसलं तर साडेनऊ महिने. हे नुसतं कातणं झालं. पिंजणं, पेळू करणं आणि विणणं वेगळंच. दुकानात साडी हातात घेतो तेव्हा हे तास दिसत नाहीत. आपली गोधडी, आपला पापड विकत घेणाऱ्यालाही ते दिसत नाहीत. आपण सांगितले तरच कळतात.

आता पुन्हा गटाकडे येऊ. तासाचा दर हाती आला की तीन कामं सोपी होतात.

पहिलं काम, किती दिवसांत माल देता येईल ते सांगणं. आपल्या उदाहरणात सगळं धरून ५ तासांत ४५ पिशव्या झाल्या, म्हणजे तासाला ९. गटात सहा जणी रोज तीन-तीन तास देणार असतील तर दिवसाचे १८ तास. १८ गुणिले ९, रोज १६२ पिशव्या. १,२०० पिशव्यांची ऑर्डर असेल तर ७ दिवसांत १,१३४ होतात, म्हणजे आठवा दिवस लागणारच. त्यात एक बाजाराचा दिवस, एक कुणाच्या आजारपणाचा धरा आणि दहा दिवसांचा शब्द द्या. दहाचा शब्द देऊन नवव्या दिवशी माल दिला तर नाव होतं. सातचा शब्द देऊन नवव्या दिवशी दिला तर नाव जातं.

दुसरं काम, वेगवेगळ्या हातांचा मेळ घालणं. एका जुन्या ताईला पिशवी शिवायला ४ मिनिटं लागतात, नवीन शिकणारीला १२. दोघींची सरासरी ८ मिनिटं, म्हणजे तासाला साडेसात, दोघींच्या मिळून १५ पिशव्या, असा हिशेब कुणी करेल. तो चुकतो. जुनी ताई तासाला १५ शिवते, नवीन ५. दोघींच्या मिळून २० होतात. म्हणून मिनिटांची सरासरी काढू नका. प्रत्येकीचे तासाचे नग काढा आणि त्यांची बेरीज करा. आणि नवीन शिकणारीला त्यावरून हिणवू नका. आज ५ शिवते, ती महिन्याने किती शिवते ते लिहून ठेवा.

तिसरं काम, दर मागणं. समजा गटाने ठरवलं की तासाला ४० रुपये तरी सुटले पाहिजेत. तासाला ९ पिशव्या, म्हणजे ४० ला ९ ने भागायचं. आले साधारण ४ रुपये ४४ पैसे. दोऱ्याचे दर पिशवीला २२ पैसे. झाले ४ रुपये ६६ पैसे. मग व्यापाऱ्याला सांगायचं, पावणेपाच रुपये. तो म्हणेल, एवढे का? तेव्हा वही उघडायची. शिवायला एवढी मिनिटं, कापायला एवढी, बांधायला एवढी. "परवडत नाही" असं म्हटलं की तो हसून सोडून देतो. मिनिटं लिहून पुढे ठेवली की त्याला उत्तर द्यावं लागतं. नाहीच ऐकलं तर कापड कापून आणून द्या म्हणावं, दोरा तुमचा द्या म्हणावं. मग ३ रुपये नसेल, पण पावणेचार तरी कसे बसतात ते पुन्हा मांडता येतं.

कायद्यानेही हा विचार मानलेला आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नगावर काम करणाऱ्या मजुरालाही वेळेच्या किमान दराहून कमी मजुरी देता येत नाही असं कलम होतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते तत्त्व आहे. पण गट स्वतः ऑर्डर घेतो तेव्हा आपणच मालक आणि आपणच मजूर. तिथे दर राखायला दुसरं कुणी येत नाही. रोजगार हमीच्या कामावर खोदलेली माती मोजून मजुरी निघते, तेव्हा मोजमापाला आपण सगळ्या उभ्या राहतो. घरातल्या कामाच्या मोजमापालाही तसंच उभं राहायचं.

या आठवड्यात एवढं करून पाहा. मोबाइलमधलं घड्याळ लावा. कामाला बसलात की वेळ लिहा, उठलात की वेळ लिहा. कापणं, शिवणं, बांधणं वेगवेगळ्या रकान्यात. तीन दिवस लिहा. पुढच्या बैठकीत सगळ्या जणींच्या वह्या शेजारी ठेवा, मिनिटांची बेरीज करा, साठाने भागा, आणि तासाला नग किती, तासाला रुपये किती, हे दोन आकडे गटाच्या रजिस्टरमध्ये इतिवृत्तात लिहून त्याखाली सह्या करा. पुढची ऑर्डर घेऊन कुणी आलं की दर ऐकण्याआधी ते पान उघडा.